थोरली कुठली, धाकटी कुठली

"तुझी ती सॅनिटायझरची बाटली लॅबच्या बाहेर ठेवत जा, रसिका. एक दिवस घोटाळा करून ठेवशील," असं लॅबप्रमुख ऐश्वर्या मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या. रसिकानं दोन्ही वेळा हसून मान हलवली आणि बाटली पर्समध्ये आणखी खोल सरकवली. लहानग्या लेकीला, सान्वीला, कल्याणला सासूबाईंपाशी ठेवून नौपाड्यातल्या प्रयोगशाळेत यायचं, म्हणजे पुसापुशी केल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. ती हात पुसे, दाराची कडी पुसे, सहकारी संदेशनं पुढे केलेला चहाचा कपही पुसून घेई.

त्या दिवशी तिनं दोन पेट्री डिश पुसल्या.

डिशमध्ये खाडीतले दोन जिवाणू वाढत होते. ठाण्याकडच्या पाण्यातली थोरली, कल्याणकडची धाकटी. नावं रसिकानंच ठेवलेली. दोघींचे जनुकसंच शेजारीशेजारी मांडून तिनं अक्षर न् अक्षर पडताळलं होतं. अगदी सख्ख्या बहिणी. फरक मोठा असा एकच. थोरलीकडे अंधारात उजेड पाडणारी जनुकं होती, धाकटीनं ती कधीतरी गमावली होती. हाच रसिकाचा शोध. दुपारी डॉ. सगुणा वैती तो तपासायला येणार होत्या, आणि प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा हे त्याच ठरवणार होत्या.

मार्करनं लिहिलेली नावं आता कापसावर होती.

"यातली थोरली कुठली?" संदेशनं विचारलं.

"डावीकडची. म्हणजे, पुसायला घेतली तेव्हा डावीकडे होती ती."

"आणि पुसून ठेवताना?"

रसिकानं दोन्ही डिश उजेडासमोर धरून पाहिल्या. "सान्वीचं नाक कुठल्या घराण्याचं ते माझ्या सासूबाई लांबून सांगतात रे. आणि मला या दोघी ओळखता येईनात."

"टेन्शन कशाला घेतेस? अंधारात बघ. चमकेल ती थोरली."

पण भरदुपारी अंधार आणायचा कुठून? लॅबला तीन बाजूंनी काचा. पडदे धुवायला गेलेले, तेही रसिकानंच हट्ट करून पाठवलेले. स्टोअररूमच्या झडपेतून ऊन आत येत होतं. उरली लिफ्ट, घट्ट पोलादी दारांची.

"महिपतकाका, मी आत गेले, दार लागलं, की लिफ्टचा मेन स्विच बंद करा, म्हणजे आतला दिवाही जाईल," तिनं वॉचमनला बजावलं. "आणि मी स्वतः सांगेपर्यंत चालू करायचा नाही. कुणीही सांगितलं तरी."

"तुम्ही सांगाल तेव्हाच, ताई," महिपतकाका म्हणाले आणि मीटरच्या खोलीत गेले.

मोबाइलचाही उजेड नको म्हणून रसिकानं तो बंद केला. सान्वी झाल्यापासून हे पहिल्यांदाच. ती डिश घेऊन आत शिरली, दार सरकू लागलं, तेवढ्यात एका जाडजूड हातानं ते अडवलं.

"थांब गं बाय. तिसऱ्याला जायचंय." डॉ. सगुणा वैती तासभर आधीच आल्या होत्या. रसिकानं तोंड उघडेपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं. दार लागलं, लिफ्ट जराशी वर गेली, आणि महिपतकाकांनी दिला शब्द पाळला.

"झालं. आता काय करायचं?" अंधारातून आवाज आला. "माझा फोन गाडीत राहिलाय. तुझा काढ. उजेड तरी पडेल."

"नको, मॅडम," रसिकाच्या तोंडून निघून गेलं. "उजेड पडला तर दिसणार नाही."

"काय दिसणार नाही?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. डोळे अंधाराला सरावले तशी रसिकाच्या उजव्या हातातली डिश निळसर उजळू लागली. डॉक्टरबाईंच्या चष्म्याच्या काचांत दोन निळे ठिपके उमटले.

"आमच्या बाळकूम गावात शिळी मासळी अशी चमकायची," त्या हळूच म्हणाल्या. "आजी ती हातसुद्धा लावू द्यायची नाही. आणि ही दुसरी?"

"धाकटी. तिच्यात ती जनुकं नाहीत."

"नाहीत, की नुसती झोपलीयेत?"

"नाहीत. दोन्ही बाजूंची जनुकं जागच्या जागी आहेत. मधला तुकडाच गळालाय." रसिकाचा आवाज एरवी सासूबाईंपुढे कधी इतका ठाम नसे. मग ती म्हणाली, "खरं सांगू, मॅडम? नावं पुसली गेलीत माझ्याकडून. म्हणून तर इथं आले."

डॉक्टरबाई लिफ्ट हादरेपर्यंत हसल्या.

"अगं, लेबल वाचून कुणीही ओळखतं. सगळे मला स्लाइड दाखवतात, तू लिफ्ट बंद पाडून दाखवलंस. चालू राहील तुझं काम. आधी बाहेर काढ मला."

त्यांच्या हाका ऐकून संदेशनं लिफ्टच्या चावीनं पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि दोघींना हाताला धरून वर ओढलं. "काकांना कधीचं सांगतोय, स्विच लावा म्हणून. ऐकायलाच तयार नाहीत."

रसिकानं थोरली उंच धरली आणि डॉक्टरबाईंच्या बरोबरीनं जिना चढली. ऐश्वर्या मॅडमनी पेढे मागवले, कल्याणला फोन गेला, सासूबाईंनी सान्वीकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

आनंदाच्या भरात एक गोष्ट राहिली, ती रसिकाला घरी पोचल्यावर आठवली. म्हणून तिची विनंती आहे. नौपाड्याच्या बाजूला असाल, तर त्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत जरा डोकावून या. महिपतकाका स्विचपाशी बसलेले दिसले, तर त्यांना चहा द्या आणि सांगा, ताई बाहेर आल्या. तुमचं ऐकणार नाहीत ते, पण निदान ते ठीक आहेत ना, एवढं तिला कळवा.