दगडूनानाचा पहिला पेला

जमिनीखालची नवी पाण्याची लाइन सुरू झाली, की पहिला पेला दगडूनाना पिणार. मग तीन दिवस नळाशेजारी बाज टाकून बसणार आणि दुसऱ्या कुणाला घोटभर पिऊ देणार नाही. "आधी मी टिकतो का बघा," म्हणणार. सुरतेच्या उधन्यात या म्हाताऱ्या प्लंबरला सगळे अर्धवट समजतात. मी पूर्ण वेडा समजायचो.

कारण त्याने चारचौघांत माझं नाक कापलं. अमळनेरहून आलो तेव्हा मी पोती उचलायचो. आज पाइपांचं दुकान आहे, ते तोंडाच्या जोरावर. एका सोसायटीचं लाइनचं काम घासाघीस करून मिळवलं. गोदामात पडून असलेले लोखंडी पाइप चरात उतरवले. चर गटाराला लागूनच होता. पाइप जोडायला आलेल्या नानाने सांधे मोजले आणि खाली चरातच मांडी ठोकली.

"सांधा कोठे शे, भो?" सांधा कुठे आहे, हे त्याचं अहिराणीतलं पालुपद.

"चौदा आहेत! लोखंडाला सांधे असणारच."

"मग काळा प्लास्टिकचा आण, वेटोळ्यातला. अख्ख्या गल्लीत एक सांधा नाही. लोखंड या मातीत सडतं. नळाचं पाणी गेलं की सांध्यातून गटाराचं आत ओढलं जातं."

"पाइप विकतो कोण, तू की मी?"

"विकतोस तू. पितं कोण?"

"ऊठ म्हाताऱ्या, नाहीतर माती लोटीन!"

"लोट. पण काळा आण."

गॅलऱ्यांतून बायका हसल्या. चेअरमनने त्याचीच बाजू घेतली. काळा पाइप मला दुसऱ्याच्या दुकानातून आणावा लागला.

जाब विचारायला मी त्याच्या खोलीवर गेलो. भिंतीवर दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो, त्याला हार. खाली फळीवर लोखंडी पाइपचा गंजका तुकडा. सांध्यापाशी करंगळी जाईल एवढं भोक.

"मनी पोर, माझी लेक," नाना म्हणाला. "कावीळ झाली. हा सांधा मीच बसवला होता. लोखंड स्वस्तात मिळालं म्हणून. शाळेतून आली की आधी नळालाच तोंड लावायची."

मी चपला घातल्या.

लाइन सुरू झाली. नानाने पहिला पेला प्यायला, तोंड पुसलं. मी हात पुढे केला.

"तीन दिवस थांब, भाऊ."

मी बाजेच्या दुसऱ्या कडेला बसलो. घासाघीस करून तीन दिवसांचे दोन मागितले नाहीत.