ढोपराचे पेशंट

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी आलात, तर पहिल्या मजल्यावरच्या बाकड्यांवर वीस-बावीस वर्षांची धडधाकट पोरंपोरी एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट मांडीवर घेऊन बसलेली दिसतील. एवढ्या तरुण वयात एवढी ढोपरं कशी बिघडली, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो पडावा, हीच परब मावशींची इच्छा आहे.

परब मावशी म्हणजे चौदा नंबरच्या खोलीबाहेरच्या आयाबाई. (आडनाव बदललंय. लिहू का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाव बदल, ढोपर ठेव.") मूळ मालवणकडच्या. राहायला नाहूरला, मुलगा-सुनेकडे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. रिटायर व्हायला एक वर्ष उरलंय.

खोलीत मी बसते, समुपदेशक म्हणून. घरी विचारता येत नाही ते तरुण मुलांनी इथे येऊन विचारावं, म्हणून ही खोली. पाळी चुकली, खाज सुटलीय, तपासणी करून घ्यायचीय, निरोध नीट कसा वापरायचा, ब्रेकअप झाल्यापासून झोप नाही, मुलगा असून मुलगाच आवडतो, काहीही चालतं. गरज पडली तर शेजारच्या खोलीत डॉक्टर आहेत. पैसे लागत नाहीत आणि बोलणं बाहेर जात नाही. सगळं उत्तम आहे. फक्त दारावर हे सगळं ठळक अक्षरांत सांगणारा भलामोठा फलक आहे, आणि दारासमोर डायबेटिसची रांग.

त्या रांगेत निम्मं मुलुंड असतं. पोरं जिन्यापर्यंत यायची, रांगेत कुणाची आत्या किंवा सोसायटीचे सेक्रेटरी दिसले की आल्या पावली परत. पहिले सहा महिने मी खोलीत बसून पंख्याचा आवाज ऐकला.

मग मावशींची आमच्याकडे बदली झाली. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या एक्स-रे विभागातून पाकिटांचा गठ्ठा काखोटीला मारून आल्या. हल्ली एक्स-रे कॉम्प्युटरवर बघतात, त्यामुळे जुन्या फिल्मा पडूनच होत्या. तिथले टेक्निशियन साळवी यांनी प्रत्येक फिल्मवरचा नावाचा कोपरा कात्रीने कापून दिला होता. मावशी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बावरलेलं पोर दिसलं, की त्याच्या हातात पाकीट.

"ह्या धर. कोणी इचारल्यान तर काय सांगूचा? ढोपर."

"पण मावशी, मला वेगळंच..."

"ता माका सांगू नको. आतल्या बाईक सांग. माका फक्त ढोपर."

कुणाला काय झालंय हे मावशींनी आजवर विचारलेलं नाही. लंगडण्याच्या बाबतीत मात्र त्या फार कडक. एक मुलगा येताना डाव्या पायाने लंगडला आणि जाताना उजव्या. त्याला त्यांनी जिन्यापर्यंत परत चालायला लावलं. एकदा एक जोडपं आलं. दोन ढोपरं एकाच दिवशी कशी मोडतील, म्हणून त्यांनी पाकीट मुलीला दिलं आणि मुलाला सांगितलं, "तू तिचो भाव." मुलाचा चेहरा जो पडला, तो खोलीत आल्यावरही बराच वेळ तसाच होता.

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती ऋतुजाच्या वेळी. हेही नाव बदललेलं. वय एकोणीस, पाळी आठवडाभर पुढे गेलेली. बाकड्यावर बसते न बसते तोच डायबेटिसच्या रांगेतून तिचे सख्खे काका उठून आले.

"तू गं इथे कशी?"

ऋतुजाने पाकीट पुढे केलं. मावशी पुढे झाल्या. "ढोपर. कॉलेज चवथ्या मजल्यार, लिफ्ट बंद."

काकांनी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आपल्याकडे एक्स-रे कुणालाही वाचता येतो. "झीज झालीय," ते म्हणाले. फिल्म सत्तरीतल्या कुणा गृहस्थाची असावी, झीज होणारच. "माझंही सेम असंच आहे."

ऋतुजाची तपासणी झाली, भीती खोटी निघाली, आणि पुढे काय काळजी घ्यायची तेही ती नीट समजून घेऊन गेली. पण काकांनी घरी सांगितलं. मग आईने गावाहून तेल मागवलं आणि तीन महिने रोज संध्याकाळी पोरीचं ढोपर चोळलं. नंतर ऋतुजा मला भेटायला आली. "मॅडम, तेल लावताना आईशी खूप बोलणं व्हायचं. शेवटी एक दिवस सगळं सांगूनच टाकलं."

"मग? काय म्हणाली?"

"तळहातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, दुसरा पाय दे."

हे मी मावशींना सांगितलं नाही, कारण त्यांना फक्त ढोपरच ऐकायचं असतं.

साळवी दर सोमवारी पाकिटांचा नवा गठ्ठा घेऊन स्वतः वर येतात. बायको वारलेली, माणूस अबोल. वॉर्डबॉयकडून पाठवता आलं असतं, पण नाही. अख्खं हॉस्पिटल मावशींना मावशी म्हणतं, हे एकटे "परबबाई" म्हणतात. एकदा गठ्ठ्यावर मालवणी खाज्याची पुडी होती, ती मावशींनी चटकन पदराआड केली. मी नातेसंबंधांची समुपदेशक. माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी चार वाजून गेले होते. बाकडी रिकामी झाली होती, मी रजिस्टर बंद करत होते. दारावर टकटक झाली. मावशी कधी टकटक करत नाहीत. पाकीट छातीशी धरून त्या आत आल्या. बाहेर कुणी नव्हतं, तरी लंगडत आल्या. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते राहून गेलं.

"काय झालं मावशी?"

"ढोपर."

समोरच्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसल्या. घाई करायची नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम, म्हणून मी थांबले. त्या पाकिटाकडे बघत बोलल्या.

"साळवी म्हणतत, लगीन करूया. झिलाक काय सांगू? सून हसतली. माणसा काय म्हणतली?" मग मान वर केली. "पोरांसाठी ही खोली आसा. सत्तावन वर्सांच्या बाईन खय इचारूचा?"

नियमाप्रमाणे आमची खोली चोविसाव्या वर्षापर्यंतच आहे. तरी मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं त्यांच्याबद्दल?"

"घरात कोण माका काय इचारीत नाय," मावशी म्हणाल्या. "ते रोज इचारतत, जेवलात काय?"

मला लाज वाटली. चार वर्षं ही बाई माझ्या दाराबाहेर बसली होती आणि मीही हे कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून सिस्टरने डोकं आत घातलं. मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी त्यांच्या हातातून पाकीट घेतलं, फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ढोपर आहे," मी सिस्टरला म्हणाले. "जरा वेळ लागेल."