तारेवरची मुंडकी

आमच्या शेजारच्या नागूमामांच्या अंगणात कपड्यांच्या तारेवर माणसांची मुंडकी वाळत असतात. चिमटे लावून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातून दुधाचा तांब्याच सुटला.

"प्लास्टिकची हायत ओ वैनी," मामा म्हणाले. "आत्ताच आंघोळ घातलीया."

मामांनी उभी हयात रामनगरात ट्रकांच्या पाठीवर मोर रंगवले. आता ट्रकांना छापील चित्रं चिकटवतात आणि मामीही राहिल्या नाहीत. म्हणून मामा पुण्याच्या नातीची जुनी खेळणी मागवतात. छाती फुगवलेले, मुखवटेवाले योद्धे. गरम पाण्यात बुडवून त्यांचे हातपाय उपटतात, पॉलिश पेपरनं मुखवटे घासतात, याचं डोकं त्याला बसवतात आणि नव्यानं रंगवतात. "डोस्कं शांत ऱ्हातंय," म्हणतात. माझं मात्र ते बघूनच गरगरतं.

एकदा दळण घेऊन परतताना त्यांच्या खिडकीत पाहिलं आणि किंचाळलेच. तिथं मी उभी होते! खांदे पैलवानाचे, पोटऱ्या दगडाच्या, योद्ध्याच्या पाठीवरच्या झुलीचा केलेला पदर. तलवार धरायच्या मुठीत सामानाची यादी.

"मामा, मी अशी दिसते?"

"खांदं घासायचं ऱ्हायल्यात. राग बराबर आलाय न्हवं?"

शेजारी सोमा होता. दर चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची रानफळं घेऊन येणारा, नंदिगड्डा गावचा. त्याची बंदूक काढून मामांनी कमरेला आकडी आणि आकडीत कोयता दिला होता. "बंदूक घिऊन रानात गेला तर फॉरेस्टवालं धरतील की त्याला!"

मग कळलं. गेल्या चवथीला नात, अन्वी, आली होती. आम्ही सगळे कौतुकानं बघायला जमलो, तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. मामांचा मुलगा जाताना म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी अशीच रडली तर आम्ही येणं बंद करू." म्हणून मामा अख्खी आळी आधीच पुण्याला धाडणार होते.

"वळख झाली की भ्या जातंय, वैनी."

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या माझ्या साडीचा काठ मीच नीट करून दिला.

चवथीच्या आदल्या दिवशी गाडी थांबली. अन्वी उतरली, हातात प्लास्टिकची मी. दोघींकडे आळीपाळीनं बघून ओरडली, "यादीवाली काकू!" मग रानफळं घेऊन आलेल्या सोमाच्या मागं जाऊन त्याच्या कमरेचा कोयता तपासला. आळी खूश. मामा हात पसरून पुढं झाले.

अन्वी माझ्या पदराआड शिरली. "हे कोण?"

मामांनी सगळी आळी पाठवली होती. स्वतःला रंगवायचंच राहून गेलं होतं.

"बराबर हाय तिचं," मामा म्हणाले. पसरलेले हात हळूच खाली घेतले, आत गेले आणि चुलीवर पाणी ठेवलं.

सकाळी पाहते तर मामा पायरीवर, पुढ्यात दाढीचा आरसा, हातात शेवटचा योद्धा. दारात अन्वी.

"मिशी एवढी काळी नाहीये," ती म्हणाली.

मामांनी पांढरा लावला.

"कान मोठे आहेत." ती एक पायरी उतरली. "आणि इथे खड्डा आहे." तिनं मामांच्या गालाला बोट लावलं आणि तोंड अगदी जवळ नेऊन बघत बसली.

मामांच्या नाकावर माशी बसली होती. ते हलले नाहीत.