बिरादार सरांचं घोटभर पाणी

बिरादार सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. मी मुलाखतीला गेलो तेव्हा मला वाटलं, शर्टाचं वरचं बटण तुटलंय. मी कॉलर सावरायला लागलो. सरांनी ग्लास पुढे सरकवला.

"घोटभर पाणी घ्या, बघू."

मी प्यालो.

"गळा छान आहे. सोमवारपासून या."

मुखेडकडच्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. आई अजून सगळ्यांना सांगते, "लेकरानं पाणी पेलं अन् नोकरी लागली."

थायरॉइड सुजलेली असली तर घोट गिळताना ती गळ्यात वर-खाली होताना दिसते. लातूरच्या मेडिकल कॉलेजात बसून सरांनी या एका ग्रंथीवर आयुष्यभर संशोधन केलं. त्यांचे निबंध परदेशात छापून येतात, पण एसटीत कंडक्टरनं तिकीट मागितलं की सर आधी त्याच्या हातात बाटली देतात. पुतणीच्या लग्नात तर त्यांनी ऐन मंगलाष्टकांत नवरदेवाला पाणी पाजलं. पोराला चक्कर आली असं समजून त्याचा मामा कांदा शोधत मांडवभर पळाला. सर समाधानानं म्हणाले, "काही नाही. टाका अक्षता."

चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नाहीत. एकदा रस्त्यात कुणी नमस्कार केला, तर मला हळूच विचारलं, "कोण हो हे?"

"सर, आपले डीन."

"मफलर गुंडाळल्यावर माणूस ओळखायचा कसा?"

मागच्या उन्हाळ्यात जळकोट तालुक्यात घरोघरच्या मिठात आयोडीन आहे का, ते तपासायचं होतं. बाया दिवसभर रानात, म्हणून सर म्हणाले, दिवेलागणीला जाऊ. दिवेलागणीला मीठ कोण देतं? मलाही हे पहिल्या दारात उभं राहिल्यावर आठवलं.

"दिवा लावायच्या टायमाला मीठ मागायलेत?" शांताबाई नावाची म्हातारी उंबऱ्यात आडवी आली. "माझ्या घरची लक्ष्मी न्यायला आलात का?"

"लक्ष्मी राहू द्या मावशी. घोटभर पाणी घ्या."

"माझी लक्ष्मी आत झोपून हाय, तिला पाजा! दिवसभर लोळती. भर उन्हाळ्यात गोधडी लागती तिला. पोळा झाला की माहेरी नेऊन घालणार हाव, कायमची."

सून सुनीता बाहेर आली. सुजलेला चेहरा, खाली घातलेली मान. तिनं घोट घेतला आणि सर मिठाचं विसरले.

रक्ताचा अहवाल आल्यावर फोन करता आला असता. सर एसटीनं गेले आणि ओसरीवर सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "सून आळशी नाही. तिची ग्रंथी आळशी आहे."

"माहेराहून आणली का ती?" म्हातारीनं विचारलं.

"ती सगळ्यांनाच असते मावशी. तुमची जरा जास्तच कामसू दिसते."

गोळी सुरू झाली. पोळा झाला, सुनीता सासरीच राहिली. त्यानंतर दोघी सासू-सुना तपासणीला लातूरला आल्या. अहवाल चांगला होता. मला तर पेढे आणावेसे वाटत होते.

शांताबाईंचा आनंद पोटात मावत नव्हता. "सोनं झालं हो सायेब! अंधारात उठती. जनावरं, सैपाक, रान, दोघींचं काम एकटी ओढती. दुपारी सुदिक पाठ टेकत न्हाई."

सुनीता हसली. दमल्यासारखी.

सरांनी अहवाल बाजूला ठेवला. चिठ्ठीवर गोळीच्या खाली काहीतरी लिहिलं आणि म्हातारीला वाचून दाखवलं. "दुपारी जेवण झालं की झोप. रोज."

"झोपायची गोळी का?"

"नुसती झोप."

"आता तर चांगली झाली की. चांगल्या माणसाला कशाला?"

"औषध आहे ते. चुकवलंत तर मी दुपारी येऊन बघीन."

म्हातारी पुटपुटत, पण चिठ्ठी नीट घडी करून कंबरेला खोचत गेली. मागोमाग सुनीता. दारात ती क्षणभर थांबली.

मी म्हणालो, "सर, झोपेचं आपल्या संशोधनात कुठं नाही."

सर ग्लास पुसत राहिले.

"माझी आई दुपारी आडवी झालेली मी कधी पाहिली नाही. सगळा गाव कौतुक करायचा, बाईला आळस म्हणून माहीत नाही."

ग्लास पुसून झाला होता, तरी ते पुसतच होते.

"मी पण करायचो."