जू इकडे, शिवळा तिकडे

देवतळे मास्तरांना एकटं वाक्य सहन होत नसे. तुम्ही म्हणालात, "मास्तर, मी निघतो," की त्यांची तर्जनी वर जायची, भुवया वर जायच्या आणि दाराची कडी त्यांच्या मुठीत जायची.

"निघतो, अँड?"

आता काय सांगणार? "अँड... घरी जातो."

"शाबास! जा." कडी सुटायची.

मी तेव्हा दिग्रसच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला नुकताच लागलो होतो. मास्तर इंग्रजी शिकवत. खरं तर इंग्रजीतली एकच गोष्ट शिकवत: दोन स्वतंत्र वाक्यं घ्यायची आणि अँड, बट, ऑर, सो यांपैकी एकानं जोडायची. बाकीचं व्याकरण त्यांच्या लेखी आलं तर ठीक, न आलं तरी ठीक. मला ते नावानं कधी हाक मारत नसत.

"काय भूगोल, जेवलास?"

"जेवलो."

"बट?"

"बट पोट भरलं नाही."

यावर ते इतके खूश व्हायचे की मला घरी नेऊन पुन्हा जेवू घालायचे. पहिलं वर्षभर मी 'बट'च्या जोरावर अंगानं भरलो.

पुसदच्या गाडीचा कंडक्टर एकदा दारात आडवा उभा राहून म्हणाला, "गाडी भरली." मास्तरांनी फूटबोर्डावर एक पाय ठेवला. "बट?"

"बट काय, मास्तर?"

"तुमचं वाक्य एकटं हाय. पुरं करा, मंग म्या जातो."

मागं माणसं ओरडायला लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. शेवटी कंडक्टरनं कपाळाला हात लावला. "गाडी भरली, बट तुमी बसा, माय बाप!" मास्तर बसले. मी वाक्याचा भाग नव्हतो, म्हणून खाली राहिलो.

दुखवट्यालाही त्यांच्याबरोबर जायची मला धास्ती वाटे. शेजारच्या तुकारामची आई वारली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई गेली, मास्तर." मी चटकन मास्तरांचा हात दाबून धरला. तर्जनी माझ्या मुठीत तडफडत होती. तेवढ्यात तुकारामच म्हणाला, "गेली, अन् जाता जाता तुमचं नाव काढलं." मास्तर ओक्साबोक्शी रडले. म्हातारीसाठी रडले की जोडणीसाठी, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

या वेडाच्या मुळाशी काय होतं, ते त्यांच्या अंगणात गेलं की दिसायचं. लिंबाखाली एक बैल बांधलेला असे. एकच. नाव चांद्या. तो खायचा, रवंथ करायचा आणि इंग्रजी ऐकायचा. दुसरं काही काम त्याला नव्हतं, कारण त्याचा जोडीदार बांड्या तीन कोसांवरच्या गावात मास्तरांच्या थोरल्या भावाकडे, शामरावांकडे होता. पाच वर्षांपूर्वी गोठ्याचं दार कोणत्या दिशेला ठेवायचं यावरून दोघांचं बिनसलं आणि वाटणी झाली. वाटणी इतकी न्यायाची झाली की कोणाच्याच उपयोगाची राहिली नाही. एकेकाला एकेक बैल. जू धाकट्याला. आणि त्या जुवाच्या भोकांत बसणाऱ्या, बैलाची मान जागेवर ठेवणाऱ्या शिवळा थोरल्याला. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता.

"भाऊ मोठा हाय," मास्तर म्हणायचे. "त्यानं बोलवावं. म्या पयले जानार नाही."

"बट?" मी एकदा विचारलं. मास्तर चष्मा पुसत बसले.

ते जू मास्तर रोज खांद्यावर टाकून वर्गात आणत. दोन पोरं त्याखाली उभी करत. डावीकडचा म्हणायचा, "आय वॉज हंग्री." उजवीकडचा म्हणायचा, "आय एट ए भाकर." मास्तर मधून आरोळी द्यायचे, "सो!" आणि भोकात रूळ ठोकायचे. खऱ्या शिवळा भावाकडे असल्यामुळे फळ्यावर रेघा मारायचे काळे रूळ शिवळांच्या जागी लागत. मग दोघांनी पाय जुळवून वर्गाला फेरी मारायची. एखादा "बिकॉज इट वॉज रेनिंग" म्हणाला की मास्तर त्याला बाहेर काढायचे. "हा बैल तीन पायाचा हाय! एकटा उभा राहत नाही, तो जोडीले काय चालन?" सांगायला हरकत नाही, दिग्रसच्या त्या पोरांना जोडवाक्यं जन्मात चुकली नाहीत.

मग यवतमाळहून इन्स्पेक्टरसाहेब आले. टाय, पॉलिश केलेले बूट आणि चेहऱ्यावर कायमचा संशय. वर्गात जू पाहून त्यांनी विचारलं, "हे लाकूड कशाला?"

"साहेब, सांगून समजनार नाही," मास्तर म्हणाले, "बट खाली उभे राहा, लगेच समजते."

साहेब का उभे राहिले, हे कोडं मला सुटलेलं नाही. मास्तरांच्या आवाजात बैल वळवायची काहीतरी जादू असावी. डावीकडे साहेब, उजवीकडे हेडमास्तर. मानेखालून बांधायला दोरी हवी होती, ती मास्तरांनी झेंड्याच्या खांबावरून सोडून आणली आणि तिला अशी गाठ मारली की ओढ लागली की ती आवळते. नवी खोंडं जुंपल्यावर करतात तेच दोघांनी केलं. एक इकडे ओढायला लागला, दुसरा तिकडे. गाठ दगडासारखी झाली. मास्तरांनी दात लावून पाहिले. दात हलला, गाठ हलली नाही.

"कापा दोरी!" हेडमास्तर घुसमटत म्हणाले.

"खबरदार!" साहेब त्याच जुवाखालून गरजले. "झेंड्याची दोरी आहे! मी रिपोर्ट करीन!"

शेवटी गाठ सोडणारा गाडीवान शोधायला ती जोडी फाटकाबाहेर काढून बाजाराकडे न्यावी लागली. मास्तर पुढं, मी मागं, सारी शाळा दुतर्फा. बैलगाड्या थांबल्या. गाडीवानांनी विड्या विझवल्या.

"कोन्या गावची जोड होय, हो मास्तर?"

"डावा चिकना हाय, पन बुजते!"

"उजव्याचे दात पाहू द्या बरं!"

मुंडासंवाला एक म्हातारा गाडीवान पुढं आला. त्यानं साहेबांच्या मानेवरून प्रेमानं हात फिरवला, "हो हो, राजा, उभा राय," म्हणाला आणि दोन बोटांनी गाठ सोडली. मग जू उलटसुलट करून पाहिलं.

"असं सागाचं जू अन् त्याले रूळ? याच्या शिवळा कुठी हायेत, मास्तर?"

मास्तर जू उचलून घरी गेले.

आम्ही धरून चाललो होतो की त्यांची नोकरी गेली. पण साहेब शेतकऱ्याच्याच घरचे निघाले. मान चोळत त्यांनी शेरा लिहिला: पद्धत परिणामकारक आहे, परंतु जू खऱ्या शिवळांशिवाय वापरू नये. हेडमास्तरांनी हुकूम काढला की शिवळा येईपर्यंत जू शाळेत दिसता कामा नये. मास्तरांनी शेऱ्यातल्या 'परंतु'वर बोट फिरवलं आणि खूश न होता वही मिटली. आठ दिवस त्यांनी कोणाला अडवलं नाही. मी "निघतो" म्हणालो तर नुसते "हो" म्हणाले. मला घरी जाववेना.

पोळ्याच्या आदल्या दुपारी ते माझ्या दारात उभे. एका हातात चांद्याचा कासरा, खांद्यावर जू.

"भूगोल, चाल. सरकारी काम हाय, शिवळा आनाच्या हायेत. भावाले भेटाले नाही चाललो म्या."

शामरावांकडे पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. शामराव अंगणात पळसाच्या पानांनी बांड्याची मान चोळत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवली. मास्तर कुडाच्या कुंपणाशी थांबले. पण चांद्याला मानपान कुठला कळायला! त्यानं हिसका दिला, आत घुसला आणि बांड्याशेजारी, डाव्या बाजूला, आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला. बांड्या त्याची मान चाटू लागला.

शामरावांनी वळून दोन्ही बैलांकडे पाहिलं. मग त्यांनी वाटीतलं लोणी घेतलं आणि चांद्याच्या खांद्याला लावलं. तिथं घट्टा नव्हता. पाच वर्षांत त्या खांद्यावर जू पडलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा तिथंच बोटं फिरवली.

"मऊ पडला," ते बैलाकडे बघत म्हणाले. मग घसा खाकरून आवतन दिलं, "आज आवतन घ्या अन् उद्या जेवाले या."

बैलांना तो आवाज जरा मोठाच होता. कुडापर्यंत येईल एवढा.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर्जनी वर केली.

शामराव घरात गेले आणि आतून लोखंड वाजल्यासारखा आवाज आला. ते चार शिवळा घेऊन बाहेर आले. त्यांना तेल लावलेलं होतं, ताजं नव्हे, दरवर्षीचं, थरावर थर. त्या त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात टाकल्या आणि लहानपणीच्या नावानं हाक मारत म्हणाले, "उभा कायले हाये, गुन्या? त्या पोराले पानी दे, अन् दुसरा खांदा तू चोळ."