औताड्यांचा दित्तोंगो

सिंगापुरात जुरोंग ईस्टमधल्या आमच्या काँडोतले औताडे लिफ्टमध्ये कधी नमस्कार करत नसत. माझ्या तोंडून 'पैसे', 'चौदावा मजला' असं काही निघालं की बोट वर करून नुसतं "दित्तोंगो" म्हणत.

इटालियनमध्ये जोडस्वराला दित्तोंगो म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. साठीला आलेला हा पुण्याचा विधुर इंजिनिअर दर मंगळवारी इटालियनच्या क्लासला जाई. "दोन स्वरांनी एका दमात नांदायचं," ते सांगत, "भांडायचं नाही."

हॉकर सेंटरच्या टपरीवर मिळणाऱ्या 'कोपी ओ' या काळ्या कॉफीच्या नावात दित्तोंगो आहे का, या चर्चेत त्यांनी माझी कॉफी गार केली. निकाल असा, की ई आणि ओ शेजारी राहतात, पण त्यांचं लग्न झालेलं नाही. त्यांच्या ऑफिसातल्या शर्माजींना त्यांनी 'कौन' नीट म्हणायला लावलं, तेव्हापासून शर्माजी फक्त ईमेल करतात. माझी मुलगी गौरी स्वतःला 'गोरी' म्हणते. तिच्याकडून त्यांनी अकरा मजले 'गौ, गौ' घोकून घेतलं. शेवटी ती इथल्या सिंगापुरी थाटात म्हणाली, "अंकल, सेम सेम ला." त्यानंतर दोन दिवस औताडे जिन्यानं गेले.

एका शनिवारी ते सकाळीच आमच्याकडे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. बायकोनं दिलेल्या पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. दुपारी त्यांना आपल्या मुलीला व्हिडिओ कॉल करायचा होता, आणि घरी एकट्याला धीर होत नव्हता. मुलीनं इटलीत लग्न केलंय हे तेव्हा कळलं. हे लग्नाला गेले नव्हते. चार वर्षं जावयाला 'तो माणूस' म्हणत आले होते. त्याचं नाव माउरो.

"निदान नाव तरी धड घेता यायला हवं," ते म्हणाले.

तीन वाजता पडद्यावर मुलगी आली, मागोमाग दाढीवाला जावई. औताडे एकदम उठून उभे राहिले, त्यामुळे इटलीला फक्त शर्टाची बटणं दिसली. मी त्यांना खाली बसवलं.

"माउरो," ते म्हणाले. अगदी एका दमात. पुढचं सगळं इटालियन विसरले.

जावयानं बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सावकाश मराठीत विचारलं, "बाबा, जेवलात का?"

औताड्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नाही. अजून नाही."

"मग आधी खाऊन घ्या," मुलगी म्हणाली. "आम्ही थांबतो."

आणि खरंच थांबले. औताडे खाली मान घालून आमचे गार पोहे खात होते, आणि तिकडे ती दोघं बघत बसली होती.