वैजयंताबाईंच्या परीक्षेची आणि सोपानमास्तरांच्या गालाची हकिकत

श्री एकदंत प्रसन्न. ज्या देवाचे मुखी दात एकच शाबूत, त्याने बत्तीस दातांचे राज्यास सांभाळावे, ऐसी विनंती करून लेखक लिहिता जाहला की, शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिणेचे कारण नाही, दंतविद्येचे मोठे संस्थान होते, तेथे वैजयंताबाई कुंभारकर यांजवर जो प्रसंग गुदरला त्याची हकिकत विचाराल तर ती ऐसी. संस्थानी दोन प्रकारचे लोक चाकरी शिकत. एक डॉक्टर, ते पाच वर्षे शिकत, दात काढीत, भरीत, नसांवर इलाज करीत, आणि जिन्याचे मधून चालत. दुसरे हायजिनिस्ट, ते दोन वर्षे शिकत, दातांवरील किटण खरवडून काढीत, हिरड्यांची निगा राखीत, हत्यारे उकळून धार लावून ठेवीत, शाळोशाळी प्लॅस्टिकचा जबडा आणि हातभर लांब ब्रश घेऊन पोरांस दात घासणे शिकवीत, आणि जिन्याचे कडेने चालत. लोक त्यांस डॉक्टर म्हणत, मग ते म्हणत, आम्ही डॉक्टर नव्हे, मग लोक विचारीत, तर मग कोण, आणि ते सांगता सांगता चहा थंड होत असे. त्यांजवर नियम एक कडक होता. दात आणि हिरडी यांवेगळे मुखात काही दिसले तर त्याचे नाव आपण घेऊ नये, परंतु तत्काळ डॉक्टरांचे कानी घालावे, क्षणाचा विलंब न करावा.

आणि परीक्षेचा रिवाज विलक्षण होता. फौजेत जैसा शिलेदार आपला घोडा आपण आणितो, तैसा परीक्षेचे दिवशी रुग्ण आपला आपण आणावा, ऐसा दंडक. रुग्णाचे दातांवर किटण भरपूर पाहिजे, विशेषेकरून खालचे पुढील दातांचे आतले अंगास, नाही तर परीक्षक म्हणणार, येथे काढावयाचे काय आहे? रुग्ण न आला तर परीक्षार्थीच गैरहजर धरला जाई. सबब हेमंत ऋतू लागताच संस्थानच्या साऱ्या मुली लोकांचे तोंडाकडे पाहात हिंडू लागत. कोणी भाजीवाल्यास हसवून पाहावे, कोणी कंडक्टरास उगाच सुट्टे मागून बोलते करावे. मनाजोगते किटण सापडले की त्या माणसाची बडदास्त ठेवावी, फोन करून प्रकृती पुसावी, आणि हात जोडून सांगावे की, परीक्षा होईतोवर दुसरे कोणाकडे दात साफ करू नका. दोन वर्षे ज्यांनी जगास दात स्वच्छ ठेवा म्हणून सांगितले, त्यांनीच शेवटी ऐसे सांगावे, यात कोणास काही वावगे वाटत नसे.

वैजयंताबाई वीस वर्षांच्या, बारीक अंगाच्या, हाताने कुशल आणि मनाने भित्र्या. त्यांस जिल्ह्याचे इस्पितळी एक जागा कबूल जाहली होती, निकाल लागताच हजर व्हावे, न लागल्यास ती जागा दुसरीस द्यावी, ऐसा करार. मग मावसबहिणीचे लग्नी वरात दारी आली, आणि बँडातील क्लॅरोनेट वाजविणारे सोपानमास्तर वायदंडे यांनी गाणे संपवून मोकळे हास्य केले, तो बाईंस त्यांचे खालचे दात दिसले. मागून पुढून पिवळे काळे किटण, जैसा नळाचे तोंडाशी क्षार बसावा. बाईंचे डोळ्यांत पाणी आले. लोक समजले, बहीण सासरी जाते म्हणून रडते. मग बाईंनी मंडपामागे जाऊन मास्तरांस अर्ज केला, आणि मास्तर पन्नाशीचे, मनाचे दिलदार, ते म्हणाले, "दात फुकटात साफ हुत्यात आन तुमची परीक्षा बी हुतीया, मग आमचं काय जातंय? येतो की." मास्तर पहिले तपासणीकरिता आले, किटण पसंत पडले, दिवाणमॅडम म्हणजे विभागप्रमुख डॉक्टर वर्तक यांनी मंजुरी दिली, आणि बाई त्या रात्री पोटभर जेवल्या.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा मास्तर दुसरे तपासणीकरिता आले. बाईंनी आरसा मुखात घातला, गाल बाजूस केला, आणि हात जागीच थांबला. उजवे गालाचे आतून, जेथे मास्तर तंबाखूची गोळी धरीत, तेथे पांढरा चट्टा होता आणि त्याचे मध्ये लाल. पहिले वेळी तो दिसला नव्हता, की पाहिलाच नव्हता, हे बाईंस आठवेना. कापसाने पुसला, पुसला जाईना. ऐसा चट्टा त्यांनी वर्गात पडद्यावर पाहिला होता आणि त्याखाली काय लिहिले होते तेही वाचले होते. डॉक्टरांस सांगावे तर मास्तर तत्काळ दुसरे विभागात जाणार, तुकडा काढून तपासणीस पाठविणार, मुखास कोणी हात लावू देणार नाही, आणि बाई आठ दिवसांत नवा रुग्ण आणणार कोठून? मास्तर म्हणाले, "काय झालं डॉक्टरीणबाई? गप झालासा?" बाई म्हणाल्या, "काही नाही हो. परीक्षेपर्यंत सगळं आहे तसंच राहू द्या. काही बदलू नका." मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं," आणि चपला घालून चालते जाहले.

मग बाईंनी वसतिगृही येऊन आपली सोबतीण अल्फिया मुजावर हीस सारे सांगितले. ती शहाणी, व्यवहारी, तिचा रुग्ण पक्का होता. ती म्हणाली, "अगं वैजू, तू डॉक्टर आहेस का? आणि असले चट्टे काय काल उगवतात होय? वर्षभर असेल तिथं. आठ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? परीक्षा झाली की त्याच दिवशी सांग." बाईंस हे बोलणे पटले, कारण पटावेसे वाटत होते. परंतु जेवण जाईना. आरशात आपलाच गाल उलटा करून पाहावा, मेसचे आचाऱ्याचा गाल पाहावा. दिवाणमॅडम समोरून आल्या की जीभ उचले आणि पुन्हा खाली बसे. दोन वेळा त्यांचे दारी उभ्या राहिल्या, आतून "कोण आहे?" ऐसे आले, तो बाई म्हणाल्या, "काही नाही मॅडम, नंतर येते," आणि नंतर गेल्या नाहीत. एके दिवशी मास्तरांस फोन केला, सांगावयाचे ठरवूनच केला, तो पलीकडे वरातीचा गोंगाट, मास्तर ओरडून म्हणाले, "येतोय बरं का! काळजी करू नगा!" आणि बाई म्हणाल्या, "बरं."

परीक्षेचा दिवस उगवला. दालनात खुर्च्या मांडिल्या, दिवे लागले, हत्यारांचे ताट खुर्चीखुर्चीस ठेविले, आणि परमुलखातून आलेले परीक्षक पहिले खुर्चीपासून एकेक पाहात निघाले. मास्तर सर्वांचे आधी हजर. दुपारी लग्न होते, सबब बँडाचा लाल कोट, खांद्यावर जरीचे फुंदे, आणि हाती क्लॅरोनेटची पेटी. खुर्चीवर निजले, पेटी पोटावर ठेविली, आणि बाईंनी हातमोजे चढवून आरसा उचलला, तो मास्तर सहज बोलिले, "एक सांगू का? आमची पोरगी लई मागं लागलीया, तंबाखू सोड, तंबाखू सोड. तुमच्याकडनं गेलो त्याच दिवशी सोडणार हुतो. पण तुम्ही म्हणलासा आहे तसंच ऱ्हाऊ द्या, काय बदलू नगा, म्हणून चालूच ठिवली. म्हणलं, तुमच्या परीक्षेत खोट नको."

परीक्षक तिसरे खुर्चीशी होते, बाईंची सहावी. मास्तरांनी तोंड उघडिले. चट्टा तेथेच होता, आणि बाईंस तो मोठा दिसला, खरेच मोठा की भयाने मोठा, हे कळेना. परीक्षक चौथे खुर्चीशी आले. बाईंनी मनाशी म्हटले, अर्धा तास, फक्त अर्धा तास, मग सांगते. परीक्षक पाचवे खुर्चीशी आले. मग बाईंनी आरसा ताटात टाकिला, त्याचा आवाज दालनभर जाहला, आणि हात वर करून त्या ओरडल्याच, "मॅडम, इकडे या. गालात काहीतरी आहे."

दिवाणमॅडम आल्या, परीक्षक आले, दोघांनी वाकून पाहिले, बोट लावून पाहिले, आणि एकमेकांकडे पाहिले. मग मॅडम सौम्य आवाजे मास्तरांस म्हणाल्या, "काका, आज दात नको. आपण दुसऱ्या विभागात जाऊ, एक छोटी तपासणी करायची आहे." आणि बाईंकडे वळून पुसत्या जाहल्या, "तुला हे कधी दिसलं?"

बाई म्हणाल्या, "आत्ता."

एवढा एक शब्द. मग काय विचारता! परीक्षक म्हणाले, "परीक्षेच्या गडबडीत आपला पेशंट सोडायला हिंमत लागते. शाब्बास." मॅडमनी पाठीवर हात ठेविला. बाहेर तपासणीस आलेल्यांत किटणाचा एक मनुष्य निघाला, तो, बारगिरास सरकारातून घोडा मिळावा तैसा, बाईंस दिधला, आणि बाईंनी ऐसे सुरेख किटण काढिले की परीक्षकांनी दुसऱ्या मुलींस बोलावून दाखविले. अल्फियाने मिठी मारून कानात म्हटले, "बघ, सगळंच साधलं की नाही?" बाईंस ते शब्द कानात उकळते तेल पडावे तैसे लागले.

पुढे तुकड्याचा निकाल येणार तो दिवस आला. मास्तर दुसरे विभागाबाहेर बाकावर बसले होते, अंगी साधा सदरा, जवळ कोणी नाही. बाईंस पाहताच उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "पोरीला सांगितलं मी, ती बाई हुती म्हणून दिसलं. न्हाईतर कोण बघतंय आमच्या गालात?" जागा मिळाली होती, परीक्षेचा निकाल लागला होता, तोंड मिटून बसल्या असत्या तर कोणी विचारणार नव्हते. मग बाई म्हणाल्या, "मास्तर, मला आठ दिवस आधी दिसलं होतं. दुसऱ्या तपासणीलाच. परीक्षेसाठी बोलले नाही."

मास्तर खाली बसले. मग म्हणाले, "म्हंजी तुम्ही मला आहे तसंच ऱ्हाऊ द्या म्हणलासा, तवा तुम्हाला ठावं हुतं?" बाई म्हणाल्या, "हो." मास्तर म्हणाले, "आन मी सकाळ-दुपार-सांज खात बसलो, तुम्ही पास व्हावं म्हणून." बाई रडू लागल्या. मास्तरांनी "रडू नगा" ऐसे म्हटले नाही. आतून नाव पुकारिले, "सोपान वायदंडे." मास्तर उठले, दोन पावले गेले, आणि मागे वळून म्हणाले, "चला आत. एकट्यानं ऐकवायचं न्हाई मला. तुम्हीच बघितलंय, तर आता ऐका बी तुम्हीच." मग दोघे आत गेली.

तात्पर्य, बखर एवढीच. वैजयंताबाई उत्तीर्ण जाहल्या आणि जिल्ह्याचे इस्पितळी रुजू जाहल्या. मास्तरांचा गाल आतून कापावा लागला, जीव राहिला, तोंड पुरते उघडेना, क्लॅरोनेट सुटले. आठ दिवस आधी सांगितले असते तर कमी कापावे लागले असते काय, हे बाईंनी डॉक्टरांस विचारिले. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांस विचारिले, मग तिसऱ्यांस. सारे तेच म्हणाले, आणि बाई अद्याप विचारीत आहेत.